सात कोटींची शिल्लक

उल्हास नदी कोलशेतपाशी पोचते तेव्हा ती नदी राहिलेली नसते, खाडी झालेली असते. भरतीचं पाणी आत चढतं, खाजणात पसरतं आणि ओहोटीबरोबर घोडबंदरच्या दिशेने परत जातं. याच पाण्यावर पुढे भाईंदरची मिठागरं उभी राहिली आणि ठाण्याच्या दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुपची. पाऊस सरला की बांध नीट करायचे, पाणी कोंडायचं, उन्हाने ते आटवायचं आणि मीठ ओढून रास घालायची. समुद्र फुकट, ऊन फुकट, कष्ट मात्र आगऱ्याचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, कोलशेत साष्टी तालुक्यातलं आगरी-कोळ्यांचं गाव होतं तेव्हा, त्या राशीवर सरकारचा हात पहिला पडायचा. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ बनवणं गुन्हा होता. खडकावर किंवा खाजणात आपोआप साचलेलं मीठ खरवडून घरी नेणंही गुन्हाच. आणि मिठागरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मणावर, म्हणजे साधारण ३७ किलोंवर, अडीच रुपये कर. मीठ तयार करायचा खर्च मणाला काही आण्यांचा, कर चाळीस आण्यांचा.

हा अडीच रुपयांचा आकडा आला कुठून, आणि तो उतरला कसा, ही या प्रकरणाची गोष्ट आहे. सरकारच्या अंदाजपत्रकावर टीका कशी करावी याचा इतका चांगला धडा आपल्या भाषेच्या माणसाने घालून दिला आहे, की आज लंडनमधली करवाढीची भांडणं वाचतानाही मला तोच आठवतो.

मुंबई इलाख्यात मिठावरचा कर पूर्वी आठ आणे होता. १८४४ साली तो एकदम रुपया केला तेव्हा सुरतेत दंगल झाली. पुढे तो चढत अडीच रुपयांवर गेला. १८८२ साली अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग यांनी तो दोन रुपयांवर आणला आणि मिठाचा खप वाढला. पण जानेवारी १८८८ मध्ये ब्रह्मदेशातल्या युद्धाचा खर्च आणि रुपयाची घसरण ही कारणं सांगून तो पुन्हा अडीच रुपये झाला. यासाठी कौन्सिलात चर्चा झाली नाही, सरकारी अधिसूचना पुरली.

रुपयाच्या घसरणीची भानगड नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा हिशेब तिच्यावर टेकलेला आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये पौंडांत पैसे भरावे लागत: कर्जावरचं व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, लष्करी खर्चातला वाटा, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रक्कम वर्षाला सुमारे १.७ कोटी पौंड होती. कर मात्र इथे रुपयांत गोळा होई, आणि रुपया चांदीचा. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. एकेकाळी दोन शिलिंगांना, म्हणजे २४ पेन्सांना असलेला रुपया १८९४-९५ च्या सुमारास १३ पेन्सांवर आला. तेवढेच पौंड पाठवायला जास्त रुपये लागू लागले, म्हणून कर वाढले. १८८६ साली प्राप्तिकर आला, १८८८ ला मीठ महागलं, रॉकेलवर जकात बसली, १८९४ ला आयात जकात परत आली आणि तिच्या पाठोपाठ देशी गिरण्यांच्या मालावर अबकारी कर आला.

मग १८९३ साली सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. रुपया हळूहळू सावरला आणि १६ पेन्सांवर स्थिर झाला. आता साधा भागाकार करू. १.७ कोटी पौंड म्हणजे ४०८ कोटी पेन्स. १३ ने भागले तर ३१ कोटी ४० लाखांच्या आसपास रुपये होतात. १६ ने भागले तर साडेपंचवीस कोटी. फरक जवळजवळ सहा कोटींचा. ज्या संकटासाठी कर वाढवले ते संकट ओसरलं होतं, पण कर तसेच राहिले. तिजोरीत दरवर्षी शिल्लक पडू लागली. १९०१-०२ सालच्या सुधारित अंदाजात ती सुमारे सात कोटी रुपये दिसत होती.

ही वर्षं कशी होती हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच वर्षी दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० मध्ये त्याहून भीषण दुष्काळ. १८९६ च्या अखेरीस टिळकांच्या प्रभावाखालच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फिरले. पीक बुडालं असेल तर दुष्काळ-संहितेप्रमाणे सारा तहकूब करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे ते शेतकऱ्यांना समजावून सांगत. सरकारने त्याला चिथावणी मानलं आणि पुढच्या वर्षी सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच नियम सरकारच्या रयतेला वाचून दाखवला, एवढाच त्यांचा अपराध होता. मला ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान फार मोलाचं वाटतं. नंतर कलकत्त्याच्या कौन्सिलात जो वाद झाला, त्याचं मूळ इथल्या चावडीवर आधीच रुजलं होतं.

तो वाद घालणारे गोपाळ कृष्ण गोखले मात्र टिळकांच्या गोटातले नव्हते. सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती गेल्यावर रानडे आणि गोखले यांनी १८९६ साली डेक्कन सभा काढली. तिच्या वतीने १८९७ साली गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा ते जेमतेम तिशीत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या या कमिशनवर दादाभाई नौरोजी स्वतः सदस्य होते. गोखल्यांची साक्ष उत्तम झाली, पण तिथेच पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल त्यांनी ऐकीव माहितीवर केलेलं विधान सिद्ध करता आलं नाही आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हा घाव खोल होता. नंतरच्या त्यांच्या भाषणांत एकही आकडा सरकारी कागदाच्या आधाराशिवाय येत नाही, याचं एक कारण मला या घावात दिसतं. दुसरं कारण गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेचे हेडमास्तर असलेल्या या माणसाला सरकारी आकडेवारी तळहातासारखी पाठ होती, आणि गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांमागे त्यांनी काढून दिलेली टिपणं होती. हेडमास्तरांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे, हे मला बोचतं.

फिरोजशहा मेहतांनी जागा सोडल्यावर मुंबई कौन्सिलातून गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तिथे अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, पण मत देता येत नव्हतं. एक रुपया इकडचा तिकडे करण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे सगळा भार युक्तिवादावर. आधीच्या वक्त्यांनी शिलकीबद्दल सरकारचं अभिनंदन केलं होतं. गोखल्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझ्या मनाला पटत नसल्याने मी त्यात सामील होऊ शकत नाही. देश अशा हालअपेष्टांतून जात असताना सात कोटी उरतात, म्हणजे देशाच्या स्थितीचा आणि सरकारच्या जमाखर्चाचा एकमेकांशी काही संबंधच राहिलेला नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

या मुद्द्याचं मोठेपण आपल्याला सहज कळत नाही, कारण तूट वाईट हे आपल्या कानांवर रोज पडत असतं. गोखल्यांनी सांगितलं की शिल्लकही वाईट असू शकते. जास्तीचा कर घेतला म्हणजे रयतेच्या घरातली तूट सरकारच्या तिजोरीत शिल्लक म्हणून दिसते. शिवाय सरकार दरवर्षी उत्पन्नाचा अंदाज मुद्दाम कमी धरतं, मग वर्षअखेरीस अपेक्षेपेक्षा जास्त जमा होते आणि ती चांगल्या कारभाराची खूण म्हणून मिरवली जाते, हेही त्यांनी दाखवून दिलं.

मिठाबद्दल ते म्हणाले की देशात दर माणशी वर्षाला दहा पौंडही मीठ खपत नाही आणि निरोगी राहायला वीस पौंड लागतं असं वैद्यकाचं मत आहे. आपण हे एका घरापुरतं मांडून पाहू. कर्झनच्या सरकारचा स्वतःचा अंदाज असा होता की हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न तीस रुपये आहे. दादाभाईंचा जुना अंदाज वीसचा. पाच माणसांच्या घराचं उत्पन्न सरकारी अंदाजाने दीडशे रुपये. या घराने पुरेसं, म्हणजे शंभर पौंड मीठ खायचं ठरवलं तर सव्वा मण लागतं आणि कर तीन रुपयांच्या वर जातो. उत्पन्नाचे दोन टक्के, एकट्या मिठावर. त्या वेळी वर्षाला पाचशे ते दोन हजार रुपये मिळवणाऱ्याला प्राप्तिकर होता रुपयाला चार पै, म्हणजे साधारण दोनच टक्के. खाजणात राबणारा माणूस आणि कचेरीतला कारकून एकाच दराने कर भरत होते. आणि मजूर घाम गाळतो म्हणून त्याला मीठ जास्त लागतं, मासळी खारवायला लागतं ते आणखी वेगळं. गरीब घर या करातून एकाच मार्गाने सुटत होतं: मीठ कमी खाऊन. खप घटल्याचा आकडा म्हणजे ही उपासमार होती.

गोखल्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. मिठाचा कर कमी करा. प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर न्या. कापडावरचा अबकारी कर काढा. हा साडेतीन टक्क्यांचा कर लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या मालाची स्पर्धा नको म्हणून बसवलेला होता. लष्कराचा खर्च आवरा, आणि शिल्लक पडलीच तर ती शिक्षणावर आणि आरोग्यावर घाला. सरकारची बाजू अशी होती की दुष्काळ कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे हाताशी काही असावं. आणि त्या वर्षी दुष्काळी भागांतला सुमारे दोन कोटींचा थकीत सारा माफ केलेलाच होता. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण दुष्काळासाठी राखायचा पैसा दुष्काळातच अर्ध्या उपाशी माणसाच्या मिठातून काढायचा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, मिठाचा कर अडीचवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. १९०५ साली मीठ दीड रुपया, १९०७ साली एक रुपया. खप वाढला. एकही मत हातात नसलेल्या माणसाच्या युक्तिवादाचा यात किती वाटा आणि भरलेल्या तिजोरीचा किती, हे वेगळं करून दाखवणं अवघड आहे. पण मागणी आणि निर्णय इतके तंतोतंत जुळतात की गोखल्यांचं श्रेय नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. कापडाचा अबकारी कर मात्र १९२५ पर्यंत हटला नाही. तिथे लँकेशायर होतं.

प्राप्तिकराची ती मर्यादा जरा धरून ठेवा आणि आजच्या ब्रिटनकडे पाहा. तिथे १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि हा आकडा २०२१ पासून हललेला नाही. ऋषी सुनक यांनी तो २०२६ पर्यंत गोठवला, जेरेमी हंट यांनी २०२८ पर्यंत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या रेचल रीव्हज यांनी २०३१ पर्यंत. महागाईने पगार वाढतात, मर्यादा तिथेच राहते, त्यामुळे दरवर्षी लाखो नवी माणसं कराच्या जाळ्यात येतात. दर वाढवला नाही, सबब कर वाढवला नाही, असं सरकारला म्हणता येतं. कोलशेत रोडच्या नव्या इमारतींतून लंडनला नोकरीसाठी गेलेल्या तरुणाच्या पगारपत्रकावर मात्र कापला जाणारा आकडा वाढलेला असतो. गोखल्यांनी ज्या जागेवर बोट ठेवलं होतं ती हीच: दर किती, याआधी तो कुठल्या उत्पन्नापासून लागतो हे विचारा.

ब्रिटनमधल्या दुसऱ्या वादाचं नाव वित्तीय नियम. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने पैसा कुठून येणार हे न सांगता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. अंदाज तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाला बाजूला ठेवलं गेलं. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं आणि महिन्याभरात ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. तो धडा घेऊन रीव्हज यांनी नियम कडक धरला: दैनंदिन खर्च २०२९-३० पर्यंत करांतूनच भागला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ केली, त्यात मालकांनी कामगारांमागे भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के झाला. नियम पाळून हाती उरणार होते ९.९ अब्ज, एकूण सरकारी खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी. मार्च २०२५ मध्ये अंदाज बदलले आणि ही शिल्लक पुसली गेली, तेव्हा अपंगांच्या आणि आजाऱ्यांच्या मदतीत कपात सुचवून ती पुन्हा बरोबर ९.९ अब्जांवर आणली. स्वपक्षाच्या खासदारांनी बंड केल्यावर त्या कपातीतला मोठा भाग मागे घ्यावा लागला.

मला यात नियमाचा दोष दिसत नाही. नियम नसला की काय होतं ते ट्रस यांनी दाखवलं. दोष आहे तो चार वर्षांनंतरच्या एका अंदाजाशी आकडा जुळावा म्हणून आजच्या आजारी माणसाची मदत कापण्यात. तिथे आकडा मालक झाला आणि माणूस त्याचा चाकर.

आपल्याकडेही असे नियम आहेत. केंद्राचा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा, आणि राज्याची राजकोषीय तूट सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत ठेवायची हे त्यातलं मुख्य बंधन. पण सरकारी हिशेब रोखीचा असतो. कंत्राटदाराचं बिल मार्चऐवजी एप्रिलमध्ये दिलं की यंदाची तूट कमी दिसते; महामंडळाच्या नावावर कर्ज काढलं तर ते राज्याच्या तुटीत दिसतच नाही. म्हणून तीन टक्के पाळले ही बातमी वाचली की थकबाकी किती आणि हमी किती, हे दोन आकडे शोधावेत. ते मिळतात, फक्त पहिल्या पानावर नसतात. हेडमास्तर जोशी तेच करत होते.

तूट भरून काढण्याच्या नावाखाली मीठ पुन्हा एकदा सापडलं. पहिल्या महायुद्धानंतर सलग काही वर्षं तुटीची गेली. १९२३ साली अर्थसदस्य बेसिल ब्लॅकेट यांनी अंदाजपत्रक जुळवण्यासाठी मिठाचा कर सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये करायचं ठरवलं. आता कायदेमंडळाला मताचा अधिकार होता आणि त्याने ही वाढ फेटाळली. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला विशेषाधिकार वापरून ती लादली. अंदाजपत्रक जुळलं. पण वर्षभरात कर पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला, आणि मिठावरचा कर म्हणजे परक्या सत्तेची जबरदस्ती हे समीकरण घरोघरी पक्कं झालं. १९३० साली दांडीनंतर शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर माणसं लाठ्या खायला का गेली, याचं उत्तर शोधताना १९२३ च्या त्या सहीला विसरू नये. कर अखेर रद्द झाला तो १९४७ च्या अंदाजपत्रकात.

गोखल्यांबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर कर कमी करा एवढंच म्हणणारा माणूस अशी त्यांची चुकीची प्रतिमा उरेल. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना आपल्या हद्दीत मुलांचं शिक्षण सक्तीचं करता यावं आणि त्या खर्चासाठी शिक्षणपट्टी बसवता यावी, अशी त्यात तरतूद होती. जन्मभर करकपात मागणाऱ्या माणसाने नवा कर सुचवला होता. काही हिंदी सदस्यांनाही ते रुचलं नाही. जमीनदारांना शेतावर राबणारी मुलं शाळेत जायला नको होती आणि पट्टीही नको होती. गोखल्यांचं म्हणणं होतं की कर कोणाकडून घेतला आणि तो परत कोणाच्या पदरात पडला, या दोन्ही बाजू एकत्र मोजल्या पाहिजेत. मीठ न परवडणाऱ्याकडून घेऊन लष्करात घातलेला रुपया आणि घरपट्टी भरणाऱ्याकडून घेऊन शाळेत घातलेला रुपया एकाच रकान्यात लिहिता येत नाही.

१९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारच्या हरकतींत एक पैशाची होती. मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली करवून घेतला. त्याचा सांगाडा बराचसा गोखल्यांच्या पडलेल्या विधेयकाचाच होता.